डीसीपी की फायटेज? लेअरच्या खाद्यातला फॉस्फरस

स्वतःच्या फार्मवर लेअरसाठी, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी, मॅश (भरड खाद्य) तयार करणाऱ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच: फॉस्फरससाठी डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट हे खनिज) घालायचं की फायटेज हे एन्झाइम? माझं मत आधीच सांगतो: फायटेज जरूर घाला, पण डीसीपी पूर्ण बंद करू नका.

मका, सोया डीओसी (तेल काढलेली सोयापेंड), डीओआरबी (तेल काढलेला तांदळाचा कोंडा) यांत फॉस्फरस भरपूर असतो. पण त्यातला साधारण दोन तृतीयांश फायटेट या वनस्पतींतल्या संयुगात अडकलेला असतो आणि तो सोडवण्याची ताकद कोंबडीच्या आतड्यात फारशी नसते. मग तो विष्ठेतून बाहेर पडतो आणि जाताना थोडं कॅल्शियम आणि जस्तही घेऊन जातो. फायटेज ही गाठ सोडवतं. डीसीपीमुळे गाठ तशीच राहते, फक्त वरून नवा फॉस्फरस मिळतो.

आता हिशेब. किलो खाद्याला 300 ते 500 युनिट फायटेज पडलं, तर उपलब्ध (कोंबडीला वापरता येणारा) फॉस्फरस अंदाजे 0.1 टक्क्याने वाढतो, म्हणजे टनामागे 1 किलो. हाच 1 किलो 18 टक्के फॉस्फरसच्या डीसीपीतून आणायचा तर साडेपाच किलो डीसीपी लागतं. ग्रॅमला 5000 युनिटचं फायटेज असेल तर 60 ते 100 ग्रॅममध्ये भागतं. तुमच्या गावात दोन्हींचा आज काय भाव चालू आहे तो मांडा, उत्तर लगेच दिसेल.

पण साडेपाच किलो डीसीपी काढलं की त्यातलं सव्वा किलो कॅल्शियमही जातं. ते भरून काढायला सव्वातीन किलोच्या आसपास शिंपला किंवा मार्बल ग्रिट वाढवावं लागतं. हे विसरलं की कवच पातळ पडतं आणि दोष फायटेजवर येतो. भरपाई बारीक पुडीने करू नका. बारीक चुनखडी पोटात लवकर विरघळते, तिचं कॅल्शियम फायटेटला घट्ट धरतं आणि फायटेजला काम करू देत नाही. 2 ते 4 मिलिमीटरचे खडे गिझर्डमध्ये (कोंबडीच्या दाणे दळणाऱ्या पोटात) रात्रभर हळूहळू विरघळतात, आणि कवच बनतं तेही मुख्यतः रात्रीच.

डीसीपीची जमेची बाजू म्हणजे ते चूक पोटात घालतं. मिसळणी थोडी उन्नीस-बीस झाली तरी चालून जातं, गोणी कोरड्या जागी सहा महिने राहिली तरी फॉस्फरस कुठे जात नाही. फायटेज दमट गोदामात किंवा कोलीन क्लोराईड असलेल्या प्रीमिक्समध्ये (जीवनसत्त्वं-खनिजांच्या तयार मिश्रणात) पडून राहिलं की त्याचा जोर ओसरतो. शिवाय 60 ग्रॅम पूड टनभर खाद्यात थेट टाकली तर ती सगळीकडे सारखी पसरत नाही. आधी 2 किलो मक्याच्या भरड्यात हाताने चोळून घ्या, मग 20 किलोत, मग मिक्सरमध्ये. पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) बनवताना लागणाऱ्या उष्णतेची भीती मॅशला नाही, हे बरं. डीसीपीत मात्र भेसळीची भीती असते. कच्चं रॉक फॉस्फेट मिसळलेलं असेल तर फ्लोरिन पोटात जातं, म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल पाहिल्याशिवाय माल उतरवून घेऊ नका.

तयार कॉन्सन्ट्रेट (मका वगैरेत मिसळायचं तयार खाद्य) वापरत असाल तर त्यात फायटेज आधीच असू शकतं. तसं असेल तर त्याच्या भरवशावर डीसीपी दुसऱ्यांदा कापू नका.

बदल करताना पहिल्या महिन्यात टनामागे 3 किलोच डीसीपी कमी करा आणि रोजची फुटकी अंडी मोजत राहा. सकाळी पिंजऱ्यात एखादी कोंबडी पाय पसरून बसलेली, उठवूनही न उठणारी दिसली, तर त्याच दिवशी डीसीपी पूर्वीइतकं करा.