टोक कुठे धरायचं: गॅप की स्ट्रिंग वॉकिंग?

मी बेअरबो मारतो, म्हणजे साइट न लावलेलं धनुष्य; नेम बाणाच्या टोकानेच धरायचा. माझ्या धनुष्यावर, माझ्या बाणांना, टोक थेट टार्गेटच्या पिवळ्या मध्यावर धरलं की बाण पिवळ्यातच बसतो ते अंतर आहे ४५ मीटर. त्याच्या आत आलं की बाण वर जातो. त्यामुळे १८ मीटरवर टोक पिवळ्याच्या जवळजवळ एक मीटर खाली धरावं लागतं. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १३० सेंटिमीटरवर असतो, तेव्हा टोक जातं ते स्टँडच्या पायांशी. बेअरबोवाल्याची सगळी ओढाताण इथूनच सुरू होते.

यावर दोन रस्ते आहेत. बोटं नॉकखाली (नॉक म्हणजे बाणाच्या मागची, स्ट्रिंगवर बसणारी खाच) नेहमीच्या जागी ठेवून टोकच खाली धरायचं, ही गॅप. किंवा टोक पिवळ्यावरच ठेवायचं आणि बोटं स्ट्रिंगवरून खाली सरकवायची, हे स्ट्रिंग वॉकिंग. टोकाकडे मुळीच न बघता मारणारे आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण ती वाट मी चाललेलो नाही, म्हणून त्यावर बोलत नाही. या दोन्ही पद्धतींनी मात्र मी पुरेसे बाण सोडले आहेत.

गॅपची बाजू आधी, कारण ती दुबळी नाही. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज तिरंदाज होरेस फोर्डने १८५७ मध्ये दुहेरी यॉर्क फेरीत, म्हणजे लांब अंतरांच्या जुन्या इंग्लिश स्पर्धाप्रकारात, बाराशेहून जास्त गुण केले ते टोक ठरलेल्या बिंदूवर धरूनच. बोटांची जागा बदलत नाही, त्यामुळे धनुष्य एकदा ट्यून केलं की सगळ्या अंतरांना तसंच राहतं. आवाज कमी, बाण सरळ निघतो, हाताला एकच सवय लावायची.

आणखी एक गुण आहे, तो मला बऱ्याच उशिरा कळला. टोक पिवळ्यावर बसण्याच्या अंतराच्या साधारण निम्म्यावर गॅप सर्वांत मोठी असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फार सावकाश कमी होते. माझी १८ मीटरची आणि २७ मीटरची गॅप जवळपास सारखीच आहे. म्हणजे अंतर न सांगता मारायचं असेल आणि माझा अंदाज चार-पाच मीटरने चुकला, तरी याच पट्ट्यात असेन तर बाण फारसा हलत नाही. स्ट्रिंग वॉकिंगमध्ये तेवढ्याच चुकीला बाण वीतभर वर किंवा खाली जातो. थ्रीडीत, म्हणजे प्राण्यांच्या पुतळ्यांवर मारायच्या प्रकारात, बेअरबोला ३० मीटरच्या आतलीच अंतरं येतात, तीही न सांगितलेली. तिथे गॅपवाला निवांत असतो.

असं असूनही मी गॅप सोडली, आणि कारण एकच होतं. त्या एक मीटर खालच्या जागी काही नसतं.

सरावाच्या जागी आमच्या स्टँडला खाली एक आडवी पट्टी होती. टोक त्या पट्टीवर टेकवलं की बाण पिवळ्यात. मी महिनोन्‌महिने तसंच मारत गेलो, गुण वाढत गेले आणि मला वाटलं, आपल्याला गॅप जमली. मग स्पर्धेला गेलो. तिथल्या स्टँडला पट्टीच नव्हती, दोन पाय आणि मधे मागची भिंत. पहिल्या सहा बाणांत टोक कुठे ठेवायचं हेच मला कळेना. जमिनीवर स्वतःची खूण ठेवायला परवानगी नसते. मोकळ्या जागेवर टोक धरलं की नजर तिथे ठरत नाही, हळूहळू पिवळ्याकडे चढते, तिच्यामागे हात चढतो, आणि नेमका त्याच क्षणी रिलीज होतो. बाण वर. पुढचा घाबरून खाली. त्या दिवशी मला समजलं की मी गॅप शिकलोच नव्हतो, एक पट्टी शिकलो होतो.

नंतर मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पट्टीवर कापड टाकून सराव केला, टार्गेटच्या उंचीच्या पटीत गॅप मोजून पाहिली. फील्डवर, म्हणजे रानावनातून थांब्याथांब्याने मारत जायच्या प्रकारात, टार्गेटचा आकार दर थांब्यावर बदलतो, तिथे तो हिशोबही डळमळला. ज्यांची नजर रिकाम्या जागेवर स्थिर राहते असे तिरंदाज मी पाहिले आहेत. माझी राहिली नाही.

स्ट्रिंग वॉकिंगमध्ये हा त्रासच उरत नाही. १८ मीटरला माझी बोटं नॉकपासून सुमारे चार सेंटिमीटर खाली जातात. टॅबच्या (बोटांवर घालायच्या चामड्याच्या तुकड्याच्या) शिवणीचे टाके अंगठ्याच्या नखाने मोजायचे, नख स्ट्रिंगला लावायचं, टॅब तिथे सरकवायचा. मग टोक पिवळ्यावर, नजर पिवळ्यावर. डोळ्याला जिथे जायचं असतं तिथेच टोक असतं, त्यामुळे पळून जायला जागा नाही. स्टँड कसाही असो.

त्याची किंमत आहे. चार सेंटिमीटर खालून ओढलं की धनुष्याच्या वरच्या आणि खालच्या लिंबवरचा, म्हणजे वाकणाऱ्या पात्यांवरचा, भार बदलतो, धनुष्य जरा खणखणतं, नॉकिंग पॉइंट, म्हणजे स्ट्रिंगवर बाण अडकवायची जागा, वर घ्यावा लागतो. फक्त १८ मीटर मारत असाल तर त्याच क्रॉलला (बोटं खाली सरकवण्याच्या अंतराला) ट्यून करा, प्रश्न मिटला. अनेक अंतरं असतील तर कुठेतरी तडजोड करावी लागते. आणि टाके बदलायला विसरलात तर बाण टार्गेटवरून निघून जातो. माझ्याकडून हे फील्डवर दोनदा झालं आहे. तरी ती चूक मला लगेच कळते आणि पुढच्या बाणाला सुधारता येते. नजर चढण्याची चूक मला आतून कधी कळलीच नाही.

तेव्हा ट्रॅडिशनल गटात उतरणार असाल तर निवड उरतच नाही, तिथे स्ट्रिंग वॉकिंग चालत नाही. मुख्यतः थ्रीडी मारणार असाल तर गॅपला पुरेसा वेळ द्या, माझं ऐकून सोडू नका. पण १८ मीटर आणि ५० मीटर हाच तुमचा खेळ असेल, तर टाके मोजायला लागा असंच मी म्हणेन. आधी मात्र एकदा स्टँड बदलून, किंवा त्याचा खालचा भाग झाकून, दहा फेऱ्या मारून बघा. गुण तसेच राहिले तर तुमची गॅप खरी आहे.

५० मीटरला मी स्वतः अजून गॅपच मारतो. तिथे टोक पिवळ्याच्या साधारण अर्धा मीटर वर धरावं लागतं, आणि १२२ सेंटिमीटरच्या टार्गेटवर ती जागा येते पांढऱ्या पट्ट्याच्या आतल्या कडेला, बरोबर बाराच्या काट्यावर. तिथे धरायला एक रेघ छापलेली आहे, आणि ती प्रत्येक मैदानावर तिथेच असते.