जुन्या फॉर्मवरची चित्रबटणं आणि प्लेराइट : वापरून दिलेला अभिप्राय

एका सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथसूचीची वेबसाइट मी सांभाळते. सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी या भाषेतली आहे, जुनी आहे. तिच्या फॉर्मवरची 'शोधा', 'पुढील पान', 'यादी छापा' ही सगळी बटणं म्हणजे जिफ चित्रं. ती घडली त्या काळात समोरच्याच्या संगणकावर मराठी फॉन्ट असेल का, जोडाक्षरं नीट दिसतील का, याचा भरवसा नसायचा. म्हणून अक्षरं चित्रात बसवायची आणि बटणासाठी इनपुटचा 'इमेज' हा प्रकार वापरायचा, ही तेव्हाची शहाणी वाट होती. मराठीतल्या बऱ्याच जुन्या वेबसाइटींवर अशी बटणं अजून सापडतात. हा अभिप्राय प्लेराइटचा, म्हणजे स्क्रिप्टने ब्राउझर चालवून वेबसाइट तपासणाऱ्या साधनाचा आहे, पण तेवढ्याच कामापुरता: ही बटणं वेगवेगळ्या ब्राउझरांत नेमकं काय पाठवतात ते पकडायला हे साधन किती कामी येतं.

प्लेराइट मायक्रोसॉफ्टचं, 2020 साली आलेलं, मुक्त स्रोत आणि फुकट. क्रोमियम (क्रोम आणि एजच्या मुळाशी असलेलं), फायरफॉक्स आणि वेबकिट (सफारीच्या मुळाशी असलेलं) ही तिन्ही ब्राउझर-इंजिनं एकाच स्क्रिप्टवर चालतात. मी ते पायथनमधून वापरते. जावास्क्रिप्ट, जावा आणि डॉट नेटमधूनही वापरता येतं. सुरुवातीला तिन्ही ब्राउझर उतरवून घ्यावे लागतात आणि त्याला शेकडो एमबी जातात, तेव्हा चांगलं नेट असेल तिथेच बसा.

आता मुद्द्याचं. साधं सबमिट बटण दाबलं की सर्व्हरकडे त्याचं नाव आणि किंमत (व्हॅल्यू) जाते. चित्रबटण तसं करत नाही. चित्रावर नेमकं कुठे टिचकी पडली त्याचे दोन आकडे ते पाठवतं: बटणाचं नाव 'शोध' असेल तर 'शोध.एक्स' आणि 'शोध.वाय'. 1995 च्या एचटीएमएल 2.0 पासून हे असंच आहे. पीएचपी त्यातल्या टिंबाची अधोरेषा करतं, म्हणजे कोडमध्ये हाती येतं 'शोध_एक्स'. फायरफॉक्स पूर्वी आकड्यांच्या जोडीला नाव आणि किंमतही पाठवायचा. 2011 च्या फायरफॉक्स 4 पासून त्याने ते थांबवलं. इंटरनेट एक्सप्लोररने ते कधी पाठवलंच नाही. नुसत्या 'शोध' या नावावर विसंबलेला कोड त्यामुळे एका ब्राउझरात चालायचा आणि दुसऱ्यात गप्प बसायचा.

प्लेराइटमध्ये पानावरून निघणारी विनंती पकडून तिच्यातला मजकूर वाचता येतो. मला यातली हीच सोय सर्वांत मोलाची वाटते. पानावर काय दिसलं यावरून अंदाज बांधत बसावं लागत नाही, सर्व्हरकडे खरोखर काय निघालं ते समोर येतं. तीन इंजिनांच्या तीन ओळी एकाखाली एक छापून घ्यायच्या आणि ताडून पाहायच्या.

एक गोष्ट मात्र वापरणाऱ्याने आधीच लक्षात घ्यावी. प्लेराइटची टिचकी आपोआप घटकाच्या मध्यावर पडते. त्यामुळे आकडे नेहमी शून्याहून मोठे येतात आणि चाचणी हिरवी, म्हणजे उत्तीर्ण होते. खरी खोच कीबोर्डात आहे. कोणी टॅबने बटणावर येऊन एंटर दाबलं, किंवा शोधाच्या चौकटीत शब्द लिहून तिथेच एंटर मारलं, तर टिचकीची जागाच नसते. ब्राउझर शून्य आणि शून्य पाठवतो. एचटीएमएलच्या प्रमाणातच तसं लिहिलेलं आहे. आणि पीएचपीच्या लेखी '0' ही अक्षरओळ असत्य असते. 'शोध_एक्स आहे का' हे नुसत्या 'इफ'ने किंवा 'एम्प्टी'ने विचारणारा कोड अशा माणसाला कोरा फॉर्म परत देतो. तिथे 'इससेट' हवं, ते किंमत न पाहता ती आली आहे का एवढंच विचारतं. माउस वापरणाऱ्याला हा दोष वर्षानुवर्षं दिसणार नाही, आणि जे अंध वाचक कीबोर्ड आणि स्क्रीन रीडरवरच (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीवरच) सगळं करतात त्यांना दर वेळी अडवेल. ग्रंथसूची त्यांच्यासाठी बंद राहावी, हे मला अजिबात सहन होत नाही. म्हणून प्रत्येक चित्रबटणाला माझ्याकडे आता तीन चाचण्या आहेत: मध्यावर टिचकी, 'पोझिशन' देऊन डाव्या वरच्या कोपऱ्यात टिचकी, आणि फोकस करून एंटर.

आवडलेली दुसरी सोय म्हणजे भूमिका आणि नाव सांगून घटक शोधणं. 'शोधा नावाचं बटण' असं मागितलं की प्लेराइट चित्रबटणाचा 'ऑल्ट' मजकूर (चित्राऐवजी वाचायला दिलेले शब्द) वाचून ते शोधून काढतं. ऑल्ट रिकामा असेल तर बटण सापडत नाही आणि चाचणी तिथेच पडते. स्क्रीन रीडरही त्याच मजकुरावर अवलंबून असतो, त्यामुळे एका दगडात दोन पक्षी. तरी प्लेराइट काही बोलून दाखवत नाही. ऐकण्यासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वेगळा चालवाच. तोही फुकट आहे.

जाता जाता आणखी एक. जावास्क्रिप्टमध्ये फॉर्मच्या 'एलिमेंट्स' यादीत चित्रबटण येतच नाही. जुन्या काळापासूनची ही वगळणूक प्रमाणाने तशीच ठेवली आहे. फॉर्म पाठवल्यावर त्या यादीवरून फिरून सगळी बटणं बंद करणारा कोड चित्रबटणाला हात लावत नाही, आणि घाईने दोनदा टिचकी मारणाऱ्याची नोंद दोनदा होऊ शकते. प्लेराइटच्या दुहेरी टिचकीने हे तपासून पाहता येतं.

उणिवा सांगायलाच हव्यात. प्लेराइटमधलं वेबकिट म्हणजे सफारी नव्हे. इंजिनाचं कूळ एक, पण ते प्लेराइटसाठी बांधलेलं वेगळं रूप आहे, आणि आयफोनची नक्कल म्हणजे पडद्याचा आकार, स्पर्श आणि ब्राउझर सर्व्हरला स्वतःची ओळख सांगतो ती ओळ एवढीच. शेवटची खात्री खऱ्या फोनवर करायला हवी. इंटरनेट एक्सप्लोरर तर यात नाहीच. त्याचा मुख्य आधार जून 2022 मध्ये संपला, पण एज या ब्राउझरमधला, जुन्या साइटी इंटरनेट एक्सप्लोररसारख्या (आयई) चालवणारा आयई मोड किमान 2029 पर्यंत ठेवण्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. तुमचे वापरकर्ते हा मोड वापरणाऱ्या कार्यालयांत असतील तर ती तपासणी हाताने करा, आणि आकडे पूर्णांकच येतील असं धरून चालू नका. आयई 10 ने चित्रबटणाचे आकडे दशांशात पाठवले होते, आणि एएसपी डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या वेब-चौकटीचं इमेजबटण तेवढ्यावर कोसळत असे.

नवा फॉर्म करत असाल तर चित्रबटण घेऊच नका. 'बटन' घटक घ्या, हवं तर त्याच्या आत चित्र ठेवा. नाव आणि किंमत दोन्ही नीट जातात, माउसने दाबा की एंटरने. पूर्वी तो नको वाटायचा, कारण आयई 6 न दाबलेल्या 'बटन' घटकांचीही नावं पाठवायचा. ते कारण आता उरलेलं नाही.

जुना फॉर्म मात्र एका रात्रीत बदलता येत नाही, आणि प्लेराइटची खरी किंमत मला तिथे कळते. चाचण्या हाताशी असल्या की एकेक बटण बदलता येतं आणि तिन्ही इंजिनांत काय फरक पडला ते लगेच दिसतं. 'शोधा' आणि 'पुढील पान' ही दोन्ही आता युनिकोड मराठीतली खरी बटणं आहेत. 'यादी छापा' अजून चित्रच आहे, ऑल्टसकट, आणि एंटरवर चालतं.