जलसंजीवनीची पुडी: पावडर पाचपैकी पाच, वेष्टन जेमतेम दोन

जुलाबात द्यायच्या जलसंजीवनीच्या (ओआरएस) पावडरीत खोट काढायला जागा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे 20.5 ग्रॅमच्या पुडीत 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात, त्यांच्यामागून पाणी खेचलं जातं. म्हणून जुलाब चालू असतानाही ते अंगी लागतं. मात्र हे प्रमाण 1 लिटर पाण्यासाठीच, आणि घोडं अडतं ते इथे.

लिटरच्या पुडीशेजारीच 200 मिलीचीही पुडी मिळते. फरक सांगणारी अक्षरं मुंगीएवढी. वाचता न येणाऱ्या आईने मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली, तर मूल ते खारट पाणी थुंकतं. प्यायलंच तर रक्तातलं सोडियम वाढून झटके येऊ शकतात. छोटी पुडी लिटरभर पाण्यात टाकली, तर क्षार पुरत नाहीत. अर्धी आज, अर्धी उद्या हाही घोळच, कारण घटक पुडीत सारखे मिसळलेले असतीलच असं नाही.

1970 ते 2009 या काळात जगात पाच वर्षांखालच्या मुलांचे वार्षिक मृत्यू 82 लाखांनी घटले. त्यातल्या 42 लाखांचं श्रेय लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या 2010 च्या अभ्यासाने स्त्रियांच्या वाढत्या शिक्षणाला दिलं. हे काही फक्त शाळेत जलसंजीवनी शिकल्याने झालं नाही म्हणा! पण शिकलेली आई माप बघते, नर्सला उलट प्रश्न विचारते, ‘जुलाबात दूध बंद कर’ म्हणणाऱ्यांचं ऐकत नाही.

म्हणून निरक्षर आईला दोष देऊन भागत नाही. बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्यांनी 1980 च्या दशकात 1 कोटीहून जास्त घरी जाऊन चिमूटभर मीठ आणि मूठभर गुळाचं पाणी करायला शिकवलं. त्यांचं मानधन आईच्या किती लक्षात राहिलं यावर ठरे. वेष्टनावर पाण्याच्या भांड्याचं ठळक चित्र छापायला काय हरकत आहे?

दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर पुडीचं पाणी 50 ते 100 मिली, चमच्याने. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून पुन्हा, सावकाश. 24 तासांनी उरलेलं ओतून द्यावं. जोडीला झिंक 20 मिलिग्रॅम (सहा महिन्यांखाली 10), रोज, 10 ते 14 दिवस. जुलाब थांबले की झिंकही थांबवलं जातं, कारण पुढचे दिवस कशासाठी ते कुणी सांगितलेलंच नसतं.