रॉ डिस्कवरचा कॅशे: आठ महिने वापरून झाल्यावर

अपाचे ट्रॅफिक सर्व्हर (मूळ सर्व्हरच्या पुढे उभा राहून पानांच्या प्रती साठवणारा आणि तिथूनच देणारा प्रॉक्सी) बसवला तेव्हाच ठरवलं होतं, त्या साठ्याला म्हणजे कॅशेला अख्खी १ टीबीची एसएसडी द्यायची आणि तीही रॉ. फाईल सिस्टिम नाही, माउंट नाही, सर्व्हर थेट डिस्कवर लिहिणार. स्टोरेज कॉन्फिगमध्ये डिस्कचा पाथ टाकला की काम झालं, आकारसुद्धा सांगावा लागत नाही.

पहिल्याच दिवशी परवानगी नाकारली गेली. डिस्क रूटच्या, म्हणजे अ‍ॅडमिन खात्याच्या मालकीची आणि सर्व्हर चालतो साध्या युजरखाली. मी डिस्कची मालकी हातानेच त्या युजरला दिली, सर्व्हिस रीस्टार्ट केली, हिट, म्हणजे कॅशेतूनच भागलेल्या रिक्वेस्ट, दिसायला लागले. विषय संपला असं वाटलं.

चार महिन्यांनी कर्नल अपडेटसाठी मशीन रीबूट केलं. पानं उघडत होती, एकही अलर्ट नाही. संध्याकाळी ग्राफ पाहिला तर मूळ सर्व्हरवरचा ट्रॅफिक कैक पटींनी चढलेला, सगळ्या रिक्वेस्ट मिस. अर्धा दिवस मी कॅशे-कंट्रोल हेडर तपासत बसलो. सर्व्हरच्या एरर जिथे नोंदल्या जातात तो डायग्ज लॉग आधी उघडायला हवा होता, तो सगळ्यात शेवटी उघडला. एरर १३ (परवानगी नाही), डिस्क उघडता येत नाही, कॅशे बंद. डिस्क वगैरे उपकरणं ज्यात दिसतात ते डेव्ह फोल्डर दर बूटला नव्याने तयार होतं, त्यामुळे हाताने दिलेली मालकी रीबूटबरोबर गेली. आणि कॅशे नसला तरी प्रॉक्सी बिनबोभाट चालू राहतो, डीफॉल्ट तसाच आहे. 'वेट फॉर कॅशे' हे सेटिंग आता २ वर ठेवलंय. कॅशे नीट उभा राहिला नाही तर कनेक्शन घेऊच नको. ओरडून बंद पडलेलं परवडतं.

मालकीसाठी यूडेव्ह रूल (उपकरण दिसलं की लिनक्सने आपोआप काय करायचं याचा नियम) लिहिला आणि तिथे दुसरी चूक केली. रूल एसडीबी या, लिनक्सने डिस्कला दिलेल्या नावावर बांधला. पुढे मशीनमध्ये आणखी एक डिस्क घातली, रीबूटनंतर नावांची अदलाबदल झाली आणि प्रॉक्सीने नव्या डिस्कवर स्वतःचा हेडर लिहून टाकला. ती कोरी होती म्हणून निभावलं. तिच्यावर बॅकअप असता तर हा अनुभव लिहायला मी जागेवर राहिलो असतो का, शंकाच आहे. आता रूल डिस्कच्या सीरियल नंबरवर आहे आणि कॉन्फिगमध्ये बाय-आयडीचा, म्हणजे डिस्कच्या कायमच्या ओळखीवर बेतलेला पाथ.

त्याच झटक्यात पूर्ण डिस्कऐवजी तिच्यावर एक पार्टिशन करून तेच दिलं. वेगात फरक जाणवला नाही. फायदा वेगळाच आहे: रॉ डिस्क डीएफ या जागा दाखवणाऱ्या कमांडमध्ये दिसत नाही, डिस्कची यादी देणाऱ्या एलएसबीएलकेमध्ये फाईल सिस्टिमचा रकाना रिकामा असतो, आणि रिकामी डिस्क दिसली की कुणाचा तरी हात फॉरमॅट करायला शिवशिवतो. पार्टिशनला निदान 'हात लावू नका' असं लेबल लावता येतं.

मेमरीचा हिशेब मात्र आधी करा. सर्व्हर सरासरी ऑब्जेक्ट ८,००० बाइटचा धरतो आणि प्रत्येक नोंदीला १० बाइट रॅम घेतो. म्हणजे १ टीबीला साडेबारा कोटी नोंदी, सव्वा जीबी रॅम फक्त निर्देशिकेत, म्हणजे कुठली गोष्ट डिस्कवर कुठे आहे या यादीत. शिवाय रॅम कॅशे आपोआपवर ठेवला तर दर जीबी डिस्कमागे साधारण १० एमबी, म्हणजे आणखी दहा जीबी. माझ्याकडे मोठ्या फाइली जास्त, म्हणून सरासरी ६४,००० केली आणि निर्देशिका दीडशे-एकशे साठ एमबीवर आली. हा आकडा बदलला की जुना कॅशे पुसला जातो, तेव्हा रात्रीच करा.

बाकी तक्रार नाही. लिखाण गोल फिरतं, शेवटाला पोचलं की सुरुवातीच्या जुन्या गोष्टींवर नवं चढतं, साफसफाईचं काम उरत नाही. स्वतंत्र डिस्क देता येत नसेल तर साधी फाईल पुरे, रॉच्या मागे लागू नका. एक गंमत राहिलीच. एकदा भरला की हा कॅशे भरलेलाच राहतो. परवा टीममधल्या नव्या मुलाने मेट्रिक पाहून घाबरून विचारलं, "डिस्क फुल्ल झालीये, काही डिलीट करू का?"