ग्लासगो सबवेच्या नव्या गाड्या : दहा महिन्यांच्या रोजच्या प्रवासानंतर

ग्लासगो सबवे म्हणजे स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराची वर्तुळाकार मार्गावर धावणारी भुयारी रेल्वे. तिच्या हिलहेड ते सेंट इनॉक या स्थानकांदरम्यानचा प्रवास मी रोज करतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या जुन्या नारिंगी गाड्या जून २०२४मध्ये कायमच्या थांबल्या आणि आता या मार्गावर केवळ स्टॅडलर या स्विस कंपनीच्या गाड्या धावतात. करार २०१६चा असला तरी प्रवाशांना पहिली गाडी मिळाली ती डिसेंबर २०२३मध्ये. हा विलंब फार झाला, असे मला आजही वाटते.

मात्र या गाड्या तयार मिळण्यासारख्या नव्हत्याच. १८९६मध्ये सुरू झालेल्या या सबवेचा बोगदा जेमतेम ११ फूट व्यासाचा आणि रुळांमधील अंतर ४ फूट. त्यामुळे जगातल्या दुसऱ्या कुठल्याही मेट्रोची गाडी इथे चालली नसती आणि प्रत्येक डबा याच बोगद्याच्या मापाने बांधावा लागला. बोगदा तोच असल्याने उंच माणसाला दारातून आत शिरताना आजही मान झुकवावी लागते. त्याचा दोष गाडीला देता येणार नाही.

खरा फरक पडला आहे तो आतल्या मोकळ्या वाटेमुळे. पूर्वी तीन सुटे डबे असत; एकदा चढलो की उतरेपर्यंत त्याच डब्यात अडकायचे, मग शेजारचा डबा निम्मा रिकामा का असेना. आता चार डबे आतून सलग जोडलेले आहेत. विद्यापीठ सुटल्यावर हिलहेडला मधल्या दारांशी गर्दी उसळते, तेव्हा मिळेल त्या दारातून शिरावे आणि गाडी चालू असतानाच टोकाकडे सरकावे, तिथे बहुतेक वेळा उभे राहायला ऐसपैस जागा सापडते. वळणावर डब्यांचे सांधे डोळ्यांदेखत वाकतात आणि शेवटचा डबा नजरेआड होतो. ते पाहण्याचा मला अजून कंटाळा आलेला नाही.

व्हीलचेअरसाठी राखलेली जागा ही या गाड्यांची मला सर्वांत मोलाची वाटणारी सोय आहे, पण १५ स्थानकांपैकी केवळ गोव्हन आणि सेंट इनॉक येथेच फलाटापर्यंत पायऱ्यांशिवाय जाता येते. माझे वडील व्हीलचेअर वापरतात. ते आले तेव्हा त्यांना हिलहेडला आमच्या घराजवळ उतरवता येणार नव्हते, म्हणून आम्ही सेंट इनॉकला लिफ्टने खाली गेलो, २४ मिनिटांत पूर्ण वर्तुळ फिरलो आणि पुन्हा सेंट इनॉकलाच उतरलो.