झऱ्यावरचे दोन ट्रेल कॅमेरे: मार्च ते जुलै वापरल्यानंतर

समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारे दोन कॅमेरे मार्चमध्ये घेतले: एक मेमरी कार्डवाला, एक फोटो थेट मोबाइलवर पाठवणारा सिमवाला. नेवाडा राज्यातल्या रेनो शहरापासून दोन तासांवर, सरकारी जमिनीवरच्या एका झऱ्यापाशी बांधले. नेवाडात म्यूल डिअर या हरणाच्या शिकारीचा टॅग, म्हणजे परवाना, सोडतीत लागतो. यंदा माझा लागला.

आधी कार्डवाला. फोटो स्वच्छ येतात, रात्रीचेही. अल्कलाइन सेल थंडीत तीन आठवड्यांत बसले, लिथियम घातल्यावर जुलैपर्यंत बघावं लागलं नाही. तोंड उत्तरेला करून लावा, नाहीतर उगवत्या उन्हाने फोटो पांढरे पडतात. सेजब्रशची फांदी वाऱ्याने हलली तरी फोटो निघतो, त्यामुळे पहिलं कार्ड बहुतेक रिकाम्या फोटोंनीच भरलं होतं. पण जुलैत पहाटे ४:५२ ची एक मादी आली: पुढचे पाय चिखलात, कान मागे वळलेले, आणि तिच्या पोटाखालून डोकावणारं ठिपक्यांचं पाडस. त्या एका फोटोने पैसे वसूल झाले.

त्याच कार्डांनी दुसरंही दाखवलं. मी कार्ड बदलायला गेलो की पुढच्या एक-दोन रात्री झऱ्यावर हरीण नाही. दर वेळी हेच. अमेरिकेतल्या या सर्वांत कोरड्या राज्यात एकेका पाण्यावर दहा जणांचे कॅमेरे असले आणि प्रत्येक जण कार्डासाठी हेलपाटे घालू लागला, तर जनावरांनी प्यायचं कुठे? ॲरिझोनाने २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे पूर्ण बंद केले, त्यामागे हेही कारण होतं.

सिमवाल्याला हेलपाटा लागत नाही. यंत्र म्हणून तो सरस आहे, आणि माझी खरी हरकत त्यालाच आहे. ऑफिसात बसल्या जागी मोबाइल वाजायचा: मखमली शिंगांचा नर, आत्ता, पाण्यावर. जूनअखेर तो कधी येणार हे मला घड्याळासारखं पाठ झालं. हंगामात हे चालू राहिलं असतं तर मला फक्त गाडी काढायची होती. माग काढणं, वारा बघणं, रिकाम्या हाताने परतणं, यातलं काहीच उरत नाही. शिकारीतल्या विक्रमी जनावरांची नोंद ठेवणारा बून अँड क्रॉकेट क्लबही अशी थेट माहिती वापरून मारलेलं जनावर आपल्या नोंदवहीत घेत नाही.

शेजारचे आजोबा म्हणतात, आठवडाभराच्याच सुट्टीत येणाऱ्याला कॅमेऱ्याचा आधार होतो, शिवाय तरुण नर सोडून वयस्क नर निवडता येतो. दुसरा मुद्दा मला पटतो. पण ती ओळख जुलैपर्यंत होतेच.

म्हणून नेवाडाचा नियम मला योग्य वाटतो: सरकारी जमिनीवर सिमवाले १ जुलैपासून, बाकीचे १ ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत बंद. बुद्धपौर्णिमेला ताडोबात मचाणावर रात्र काढली होती, प्राणिगणनेसाठी. पाण्यावर काय येईल याची धाकधूक तेव्हा पहाटेपर्यंत टिकली होती. तीच मला ऑक्टोबरात, शिकारीच्या हंगामात, हवी आहे.

घ्यायचाच तर कार्डवाला घ्या, आणि महिन्यातून एकदाच जा. सिमवाला मी ३० जूनला उतरवला. तो विकायला काढला आहे.