२९९ रुपयांचं ‘डेटा वाइप’: फोन कोरा झालाच नव्हता

आधी आकडे सांगतो, म्हणजे उगाच बोंब मारतोय असं कोणाला वाटायला नको. रेडमीचा जुना फोन विकून हातात आले ५,९०१ रुपये. ठरले होते ६,२००, त्यातले २९९ त्या भामट्याने ‘डेटा वाइप चार्ज’ म्हणून कापून घेतले. पुढच्या तीन दिवसांत गेले ते असे: शॉपिंग ॲपच्या वॉलेटमधले ३,८५०, माझ्या नावाने मेसेंजरवर मामेबहिणीकडून उकळलेले १२,०००, एका मित्राकडून ५,००० आणि ‘फोटो उडवतो’ या बोलीवर मी स्वतःच्या हाताने भरलेले ८,०००. एकूण २८,८५०. शेवटचे आठ हजार लिहिताना सगळ्यात जास्त लाज वाटतेय, पण ते गाळून लिहायचं तर लिहूच कशाला?

जाहिरात टाकली, माणूस घरी आला, स्क्रीन-बॅटरी बघितली, ओरखडे मोजून भाव पाडला. हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. मेख शेवटच्या दीड मिनिटात होती.

‘थांब, मी रीसेट करून देतो,’ म्हटलं तर तो म्हणाला, ‘साहेब, साध्या रीसेटने डेटा परत काढता येतो. आमचं सॉफ्टवेअर वेगळं आहे, सर्टिफिकेट देतो.’ हे वाक्य सपशेल खोटं असतं तर मी तिथेच त्याला बाहेर काढला असता. पण ते एकेकाळी खरं होतं, आणि थोडंफार माहीत असलेला माणूस नेमका त्यावरच फसतो. २०१४ साली अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने ईबेवरून २० वापरलेले अँड्रॉइड फोन विकत घेतले होते. मालकांनी ते ‘पुसून’ विकलेले होते, तरी त्यांतून ४०,००० हून जास्त फोटो परत निघाले. ती बातमी माझ्या डोक्यात पक्की बसली होती. तेव्हाच्या बहुतेक फोनमध्ये साठवण एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, नसायची, रीसेट म्हणजे नुसती अनुक्रमणिका फाडायची आणि पानं तशीच ठेवायची. अँड्रॉइड ६ पासून मात्र नव्या दमदार फोनना एन्क्रिप्शन सक्तीचं झालं, अँड्रॉइड १० बरोबर येणाऱ्या सगळ्याच फोनना. आता फॅक्टरी रीसेट झाला की किल्लीच नष्ट होते. मागे उरतो तो नुसता कचरा, जो कोणत्याही दुकानातल्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही. म्हणजे आजच्या फोनला वेगळं ‘वाइप सॉफ्टवेअर’ लागतच नाही. २९९ नाही, एक रुपयाही द्यायचा नाही.

त्याने काय केलं? ‘डिस्प्ले तपासायचाय’ म्हणून पॅटर्न लॉक आधीच काढायला लावला होता. मग फोन स्वतःकडे वळवून दीड मिनिट खुडबुड केली आणि माझ्यासमोर धरला. नवा वॉलपेपर, मोजके कंपनीचे ॲप, गॅलरी रिकामी, कॉन्टॅक्ट रिकामे, व्हॉट्सॲप गायब. ‘बघा साहेब, कोरा करकरीत.’

रेडमी शाओमीचाच, आणि शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये ‘सेकंड स्पेस’ नावाची सोय असते. सेटिंग्जमध्ये जाऊन ती सुरू केली की त्याच फोनमध्ये दुसरं घर तयार होतं. त्याचा होम स्क्रीन वेगळा, गॅलरी वेगळी, ॲप वेगळे. पहिलं घर भिंतीपलीकडे जसंच्या तसं. सोय चांगली आहे, पोरांच्या हातात फोन देताना लोक वापरतात. त्या माणसाने मला हे दुसरं घर दाखवलं आणि पहिल्या घराची किल्ली, म्हणजे काढलेलं लॉक, खिशात घालून गेला.

आता तो क्षण. होम स्क्रीनवर एक आयकॉन होता, खाली लिहिलेलं: ‘स्विच’. मी तो बघितला. नुसता बघितला नाही, ‘हे काय?’ असं विचारलंसुद्धा. तो म्हणाला, ‘कंपनीचं ॲप आहे, मी स्विच करतो नवीन मालकाला.’ आणि मी मान डोलावली! ते बोटाने एकदा दाबलं असतं तर माझाच जुना वॉलपेपर समोर आला असता. बोट आणि आयकॉन यांच्यात चार इंच अंतर होतं. रात्री अजून तो आयकॉन डोळ्यांसमोर येतो.

आणि तेवढंच नाही. खरा फॅक्टरी रीसेट झाला की फोन बंद होतो, पुन्हा चालू होतो, पुसण्याचा पडदा येतो, काही मिनिटं जातात आणि शेवटी पहिल्या दिवशीसारखा ‘भाषा निवडा’ विचारणारा पडदा उभा राहतो. थेट होम स्क्रीन कधीच येत नाही. हे मला माहीत होतं. मी स्वतः चारजणांचे फोन रीसेट करून दिलेत. पण समोर माणूस आत्मविश्वासाने बोलत होता, हातात लॅमिनेट केलेलं, क्यूआर छापलेलं सर्टिफिकेट होतं, वर पैसे रोख. तुमच्यापैकी जे आता ‘इतकं कसं कळलं नाही’ म्हणतील, त्यांनी सेकंड स्पेस आधी कधी उघडलं होतं का, ते सांगावं.

सगळं दिसण्यावर सोडू नका, साठवणीचा आकडा बघा. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडलं की किती जागा भरली ते दिसतं. माझ्या ६४ जीबीच्या फोनमध्ये ५१ जीबी भरलेले होते. खऱ्या रीसेटनंतर नुसती सिस्टिम उरते आणि आकडा धाडकन खाली येतो. रिकाम्या गॅलरीचा फोन ५० जीबी कशाने भरलाय, एवढा एक प्रश्न पुरेसा होता.

पैसे कसे गेले ते थोडक्यात. यूपीआयला तो शिवू शकला नाही, कारण ते सिमशी बांधलेलं असतं, सिम माझ्याकडे होतं आणि पिनही त्याला माहीत नव्हता. म्हणून त्याने कडेकडेची दारं उघडली. शॉपिंग ॲप लॉगिन होतं, वॉलेटच्या शिलकेतून त्याने गिफ्ट व्हाउचर काढलं, ते त्याच फोनमधल्या माझ्या जीमेलवर आलं, कोड वाचून त्याने मेल उडवला. मला तो नंतर ट्रॅशमध्ये सापडला. (जीमेलचा ट्रॅश ३० दिवस राहतो. असं काही घडलं तर आधी तिथे बघा.) मेसेंजर उघडाच होता. रविवारी रात्री बहिणीचा फोन आला, ‘पैसे पोचले का रे?’ तेव्हा मला वाटलं फेसबुक हॅक झालंय. फेसबुकचा पासवर्ड बदलला आणि शांत झोपलो. मूर्खपणाचा दुसरा अंक हा. विकलेल्या फोनचा विचार मनात आलाच नाही, कारण तो तर ‘कोरा’ होता!

मंगळवारी त्याने गॅलरीतले आधार, पॅन, रद्द केलेला चेक आणि घरातले फोटो पाठवून ८,००० मागितले. दिले. बुधवारी सकाळी १५,००० मागितले. खंडणीखोराला पहिला हप्ता दिला की दुसरा येतोच, हे काय मला माहीत नव्हतं? होतं. तरी ते आठ हजार दिले. तुम्ही देऊ नका. स्क्रीनशॉट काढा, नंबर जपून ठेवा, ब्लॉक नंतर करा.

कागदपत्रांचे फोटो गॅलरीत ठेवायचेच नाहीत, हे वेगळं सांगायला हवं का? क्रोममध्ये साठवलेले पासवर्डही त्याच रांगेतले.

आता पोलीस. बुधवारी चौकीत गेलो तेव्हा माझ्या नव्या फोनवर गूगलचं ‘फाइंड हब’ उघडलं होतं (आधीचं नाव फाइंड माय डिव्हाइस). फोन रीसेट झालाच नसल्यामुळे माझं खातं त्यात शाबूत होतं, आणि नकाशावर फोन चक्क दिसत होता, हिरवा ठिपका, ‘आत्ता ऑनलाइन’. ठाणे अंमलदारांना दाखवलं. ‘फोन तुम्हीच विकला ना? मग चोरी कशी?’ म्हटलं, चोरीची तक्रार नाही, फसवणूक आणि खंडणीची आहे, आयटी कायद्याचं ६६-सी आणि ६६-डी बघा, दुसऱ्याची ओळख वापरून लुबाडलंय. ते म्हणाले सायबरला जा. सायबरवाले म्हणाले रक्कम लहान आहे, स्थानिक ठाण्यातच द्या. परत चौकी. ‘मी इथून फोन पुसू का?’ असं विचारलं तर म्हणे, ‘थांबा, साहेब आल्यावर विचारू, पुरावा असेल.’ साडेचार तास बाकावर बसलो. साहेब बंदोबस्ताला होते. समोर हिरवा ठिपका. अर्ज तीनदा लिहून घेतला, एकदा ‘विषय’ नीट लिहिला नाही म्हणून. पोच मागितली तर शिक्का सापडत नव्हता. पुराव्याची एवढी काळजी होती तर पुरावा समोर चालत-बोलत असताना कोणी उठलं का? बँकेची तऱ्हा वेगळी. ‘तुमच्या पिननेच व्यवहार झालाय, अनधिकृत म्हणता येणार नाही.’ कायद्याने तेही बरोबर असेल. पण समोरचं खातं गोठवायची विनंती पुढे पाठवायला पिन कोणी टाकला याचं काय देणंघेणं? शाखेत त्याचा फॉर्मच नव्हता.

यातून निघालेलं कामाचं तेवढं घ्या. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन शक्यतो ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्यानेच करायचा. माझ्या बहिणीच्या वतीने मी करण्यात वेळ गेला. हाताशी बँकेचं नाव, तारीख, रक्कम आणि १२ आकडी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) असू द्या. सायबरक्राइम पोर्टलवरची ऑनलाइन तक्रार आधी टाका आणि तिचा क्रमांक घेऊन चौकीत जा, निदान ‘कुठे तक्रार केलीत’ हा प्रश्न संपतो. आणि ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) ब्लॉक करायला धावू नका, ती सोय हरवलेल्या-चोरलेल्या फोनसाठी आहे, विकलेल्यासाठी नाही. आयएमईआय मात्र विकण्याआधी *#०६# दाबून दोन्ही लिहून ठेवा आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राचा फोटो काढा. नाही म्हणाला तर दार दाखवा.

पुसायची रीत सांगतो, कारण तीही लोक उलटी करतात. गूगल फोटोजमध्ये बसून फोटो एकेक डिलीट करू नका. बॅकअप चालू असेल तर ते क्लाउडमधूनही उडतात, वर ट्रॅशमध्ये ६० दिवस पडून राहतात, म्हणजे खातं फोनमध्ये राहिलं तर घेणाऱ्याला दिसतात आणि साठ दिवसांनी तुम्हालाही मिळत नाहीत. आधी बॅकअप पूर्ण झालाय याची खात्री, व्हॉट्सॲप आणि ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड देणारं ॲप) नव्या फोनवर, बँकेची आणि यूपीआयची ॲप डीरजिस्टर. मग गूगल खातं आणि कंपनीचं खातं (शाओमी, सॅमसंग जे असेल ते) फोनमधून काढायचं. हे न करता बटणं दाबून रिकव्हरीतून रीसेट मारला तर घेणाऱ्याला जुन्या खात्याचा पासवर्ड विचारला जातो, आणि तो तुम्हाला रात्री अकराला फोन करून तो मागतो. पासवर्ड फोनवर कोणालाही सांगायचा नाही. सिम आणि मेमरी कार्ड बाहेर. ई-सिम असेल तर रीसेटच्या पडद्यावर ते पुसायची वेगळी खूण येते, ती करा. मगच रीसेट: शाओमीत ‘अबाउट फोन’मध्ये, सॅमसंगमध्ये ‘जनरल मॅनेजमेंट’ खाली. ‘रीसेट ऑल सेटिंग्ज’ नव्हे! त्याने रिंगटोन आणि वायफाय जातं, फोटो जागेवरच राहतात. आयफोनला ‘इरेझ ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’, आणि फाइंड माय बंद झालंय का ते बघायचं. हे सगळं माणूस येण्याच्या आदल्या दिवशी करा. फोन चालतो की नाही ते त्याला कोऱ्या फोनवरही तपासता येतं.

मेमरी कार्ड फोनबरोबर देऊच नका. द्यायचंच असेल तर विंडोजमध्ये ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. क्विकमध्ये फोटो जागेवरच राहतात आणि फोटोरेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरने निघतात. अँड्रॉइड ५ किंवा त्याआधीचा फोन असेल तर आधी सिक्युरिटीत जाऊन एन्क्रिप्ट करा (चार्जरला लावून, तासभर तरी जातो), मग रीसेट.

फुटका फोन ‘यात काय उरलंय’ म्हणून स्कूटरवरच्या टबवाल्याला देऊ नका. स्क्रीन फुटली तरी बोर्डवर सगळं असतं. २०२४ मध्ये तेलंगणातल्या रामगुंडमला तिघांना पकडलं तेव्हा त्यांच्याकडे असे सुमारे ४,००० जुने फोन निघाले होते, प्लास्टिकच्या वस्तूंच्या बदल्यात गोळा केलेले, आणि ते चालले होते सायबर भामट्यांकडे.

विकून टाकलेला फोन संशयास्पद वाटला तर क्रम लक्षात ठेवा. आधी फाइंड हबमधून इरेझ, मग डिव्हाइसच्या यादीतून साइन आउट आणि पासवर्ड. उलट केलंत तर खातं तुटतं आणि लांबून पुसायचा दोरही तुटतो. बुधवारी ‘साहेबांना विचारू’ म्हणून थांबलो. गुरुवारी सकाळी सात वाजता कोणालाही न विचारता इरेझ दाबलं, तोवर फोन ऑफलाइन गेला होता. बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड आणि रिकव्हरी ईमेल बदलून झालेत. जीमेलचं साइन आउट तेवढं अजून दाबलेलं नाही. फोन पुन्हा कधी नेटवर आला तर ती आज्ञा पोचेल. यादीत तो अजून दिसतो: रेडमी, शेवटचा संपर्क बुधवार, रात्री १०:४२.